एकशे ऐंशी फरशा

शाळेतली मुलं त्यांना फूटपट्टीबाई म्हणत. हे नाव बाईंच्या कानावर गेलेलं नाही अशी मुलांची भाबडी समजूत होती आणि बाईंनी ती बावीस वर्षं मोडली नव्हती. बाई गणित शिकवत. वहीतली समासाची रेघ वाकडी दिसली तरी त्यांना चैन पडत नसे. एकदा तर शाळेत नवीन फळा बसवला, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत असताना बाई पुढे झाल्या, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "डावीकडे अर्धा इंच खाली आहे." सुताराने मोजलं. खरंच होता.

दरवर्षी शालान्त परीक्षा संपली की बाईंना पेपर तपासणीचं पत्र येई. ही परीक्षा देशभर एकाच दिवशी, एकाच तासाला, एकाच पेपरवर व्हायची. तीन लाख मुलं बसायची. पेपर काढणारे चौघे असत, आणि त्या चौघांना एकमेकांची नावं माहीत नसत. चार पेपरांतला एक निवडला जाई. मग कोणी तरी जाणता माणूस त्याची भाषा घासूनपुसून घेई, तो छापखान्यात जाई, आणि उत्तरसूची वेगळ्याच पाकिटातून वेगळ्याच वाटेने तपासणी केंद्रावर येई. पेपर फुटू नये म्हणून ही सगळी तजवीज. त्यामुळे सबंध गोष्ट कुणा एकाच्या हातात कधीच नसे.

त्या वर्षी देशात बेचाळीस केंद्रं होती. बाईंचं केंद्र म्हणजे एका शाळेचं मोठं सभागृह. एकेका टेबलाभोवती सहा परीक्षक आणि टेबलाच्या टोकाला एक नियामक. परीक्षकाने लाल शाईने तपासायचं, नियामकाने त्यातले काही पेपर पुन्हा हिरव्या शाईने बघायचे, आणि नियामकांच्या वर मुख्य नियामक. पेपरांवर मुलांची नावं नसत, नुसते आकडे.

तिसऱ्या दिवशी, सकाळचा चहा होऊन गेल्यावर, बाईंच्या हातात एक पेपर आला. अक्षर गिचमिड, खाडाखोड भरपूर, पहिल्या चार प्रश्नांत जेमतेम अठ्ठावीस गुण. बाई पाचव्या प्रश्नातल्या 'ब'वर आल्या. हा प्रश्न पाच गुणांचा होता. एक खोली, लांबी सहा मीटर, रुंदी साडेचार मीटर. चाळीस सेंटिमीटर बाजूच्या चौरस फरशा बसवायच्या, तर कमीत कमी किती लागतील? उत्तरसूचीत होतं एकशे एकोणसत्तर. खोलीचं क्षेत्रफळ काढायचं, फरशीच्या क्षेत्रफळाने भागायचं, एकशे अडुसष्ट पूर्णांक पंचाहत्तर येतं, ते वर ओढून एकशे एकोणसत्तर.

या मुलाने, किंवा मुलीने, भागाकार केलाच नव्हता. त्याऐवजी खोलीचं चित्र काढलं होतं, दारासकट. लांबीला पंधरा फरशा. रुंदीला अकरा पूर्ण ओळी, आणि भिंतीलगत राहिलेली दहा सेंटिमीटरची एक अरुंद पट्टी. ती पट्टी आडव्या रेघांनी भरली होती आणि खाली लिहिलं होतं, 'उरलेला तुकडा वापरायचा नाही असे सांगितले आहे. म्हणून पट्टीलाही १५ फरशा. एकूण १८०.'

बाईंचं लाल पेन सवयीने फुलीसाठी खाली आलं होतं. ते तिथेच थांबलं. त्यांनी प्रश्नपत्रिका ओढून घेतली आणि प्रश्न शेवटपर्यंत वाचला. शेवटचं वाक्य होतं, 'फरशी कापता येईल, परंतु कापून उरलेला तुकडा दुसरीकडे वापरायचा नाही.'

तीन दिवसांत त्यांनी हा प्रश्न चौसष्ट पेपरांत तपासला होता. उत्तरसूची पाठ झाल्यावर प्रश्न कोण वाचतं? पहिल्या दिवसापासूनच्या एकशे ऐंशीवाल्या फुल्या त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. पाच होत्या. त्यांतल्या एकाला तर त्यांनी शेजारी 'क्षेत्रफळ?' असं प्रश्नचिन्हासकट लिहून ठेवलं होतं, जणू पोराला काही कळतच नाही. बाईंचे स्वतःचे वडील आयुष्यभर फरशा बसवत आले होते. फरशीवाल्याची मुलगी, आणि तिने फरशीच्या गणितात हातातलं पेन उत्तरसूचीच्या ताब्यात देऊन टाकलं होतं.

त्या उठल्या आणि टेबलाच्या टोकाशी गेल्या. नियामक साठीला टेकलेले, सौम्य गृहस्थ. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. डबा उघडला की आधी सगळ्या टेबलाला वाढणार, मग स्वतः खाणार, असा माणूस.

"सर, पाच-ब ची उत्तरसूची चुकली आहे."

त्यांनी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला.

"तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पण बाई, आपण उत्तरं तपासायला बसलोय. उत्तरसूची तपासायला नाही."

"मग ती कोण तपासतं?"

"मंडळ."

"मंडळाने तपासली असती तर ही अशी आली असती का?"

नियामकांनी इकडेतिकडे पाहिलं. "हरकतीची मुदत परीक्षेनंतर दोन दिवस होती. ती गेली. बहुतेक सगळ्या मुलांनी एकशे एकोणसत्तरच लिहिलंय. बेचाळीस केंद्रांवर अर्धे गठ्ठे तपासून झालेत. आता हे उकरून काढलं तर निकाल लांबेल, आणि खापर कुणावर फुटेल ते सांगायला नको."

"हे पोर बघा," बाईंनी पेपर पुढे केला. "बाकी सगळं मिळून तेहतीस होतील. पास व्हायला पस्तीस लागतात."

नियामकांनी चित्रातल्या ओळी बोटाने मोजल्या. मग त्यांनी पेपर परत दिला. "चारपर्यंत गठ्ठा द्या," एवढंच म्हणाले.

बाई जागेवर येऊन बसल्या, पण पुढचा पेपर त्यांनी उघडला नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक परीक्षक-पुस्तिका मिळायची. ती मिळायची, पिशवीत जायची आणि शेवटच्या दिवशी तशीच कोरी करकरीत परत व्हायची. बाईंनी ती काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. शेजारची परीक्षक हसून म्हणाली, "काय हो, परीक्षा आहे का उद्या?" एकोणिसाव्या कलमावर बाईंचं बोट थांबलं. प्रश्न आणि उत्तरसूची यांत विसंगती आढळल्यास परीक्षकाने ती लेखी कळवावी, आणि लेखी निर्णय येईपर्यंत त्या प्रश्नाचे गुण देऊ नयेत.

त्यांनी कोरा कागद घेतला. अर्ज बारा ओळींचा झाला. खाली आकृती काढली, अर्थातच पट्टी लावून. चार वाजता त्यांनी गठ्ठा दिला, तेव्हा पंचवीसपैकी सकाळी तपासलेल्या पेपरांवरचे पाच-बचे गुण खोडलेले होते, बाकी सगळ्यांवर ती चौकट रिकामी होती आणि वर तो अर्ज टाचलेला होता.

"बाई, तुम्ही मला धर्मसंकटात टाकलंत," नियामक म्हणाले.

"कलम एकोणीस, सर. मी नाही टाकलं."

नियामकांनी अर्ज वाचला. मग खिशातून हिरवं पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'परीक्षकाच्या मताशी सहमत.' आणि सही केली.

घरी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते. चाळीस वर्षं गुडघ्यांवर काम केल्यामुळे गुडघे कायमचे रुसले होते. बाईंनी हातपाय धुतले, चहा टाकला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, सहा मीटर बाय साडेचार मीटरची खोली. फरशी चाळीसची. किती आणाल?"

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलले. "तुकडे जोडून चालतील?"

"नाही."

"मग एकशे ऐंशी. पण मी एकशे नव्वद आणीन. दहा तरी फुटतातच."

"दहाचे गुण कापीन मी."

"काप. भिंतीशी फरशी कमी पडली की मालक मलाच बोलणार, तुझं मंडळ यायचं नाही." त्यांनी डोळे उघडले. "कोण म्हणतंय किती?"

बाईंनी सगळं सांगितलं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. शाळेच्या गोष्टी ऐकताना ते एरवी पाहुण्यासारखे गप्प असत. आज मात्र ते पुढे सरकून बसले. त्यांनी चित्राबद्दल दोनदा विचारलं. पट्टी कुठल्या भिंतीला दाखवली होती, रेघा कशा होत्या.

"दारासमोरच्या भिंतीला," बाई म्हणाल्या.

"बरोबर. कापलेली फरशी दाराशीच यावी असं कोण करेल? आतल्या भिंतीलाच घालायची असते. कपाटाखाली झाकली जाते." बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्या पोराच्या घरात कुणीतरी गुडघ्यावर काम केलंय. असं कर, सोडू नको हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य नियामकांनी बाईंना बोलावून घेतलं. त्या उंच, भरभर बोलणाऱ्या बाई होत्या आणि चष्मा कायम डोक्यावर ठेवून तोच शोधत असत. अर्ज त्यांच्या हातात होता.

"मी रात्रीतून तीनदा सोडवलं," त्या म्हणाल्या. "दरवेळी एकशे ऐंशी. मंडळाला फोन केला. ते म्हणतात, पाठवून द्या, बघू. बघू म्हटलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पर्स घ्या. आपण जाऊ."

दोन तासांचा बसप्रवास झाला. मंडळाची इमारत पाच मजली, लिफ्ट बंद, आणि गणिताची समिती अर्थातच चौथ्या मजल्यावर. दोघींना एका लांबट खोलीत बसवलं. समोर परीक्षा-सचिव, हातात निकालाचं वेळापत्रक. त्यांच्या शेजारी समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांच्या पुस्तकांवर बाई स्वतः शिकल्या होत्या. आणखी दोन सदस्य होते, वह्या उघडून बसलेले.

सचिवांनी सुरुवात केली. "तीन लाख पेपर आहेत. पुन्हा उघडायचे म्हटले तर सहा दिवस. निकाल लांबला की पुढचे प्रवेश लांबतात, प्रवेश लांबले की मंत्रालयातून फोन येतात. आणि एवढं सगळं एका वाक्यासाठी. मुळात कापलेला तुकडा कुठेतरी वापरतातच की."

बाईंना वाटलं होतं, एवढ्या मोठ्या माणसांपुढे आपली जीभ टाळ्याला चिकटेल. पण खोलीत आल्यापासून त्यांची नजर सवयीने जमिनीवर गेलेली होती.

"साहेब, जरा तुमच्या मागे भिंतीलगत बघता का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. खोलीभर एकसारख्या चौकोनी फरशा होत्या आणि भिंतीला टेकून चार बोटं रुंदीच्या कापलेल्या पट्ट्यांची एक ओळ.

"या पट्ट्यांतल्या एकीलाही मधे जोड नाही," बाई म्हणाल्या. "प्रत्येक पट्टीसाठी एक सबंध फरशी गेली आहे. कागदावर उरलेला तुकडा वापरता येतो. प्रश्नात तो वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि ज्यांनी ते ऐकलं त्यांना आपण शून्य देतोय."

सचिव खाली वाकून बघत राहिले. अध्यक्ष मात्र पट्ट्यांकडे बघत नव्हते. ते प्रश्नपत्रिका डोळ्यांजवळ धरून तेच शेवटचं वाक्य वाचत होते.

"मूळ पेपरचं पाकीट मागवा," ते म्हणाले.

मोहरबंद पाकीट आलं. सगळ्यांसमोर उघडलं, उघडल्याची नोंद झाली. पेपर काढणाऱ्याने काळ्या शाईत सुबक अक्षरात प्रश्न लिहिला होता, आणि तो 'किती लागतील?' पाशीच संपत होता. तुकड्याचं वाक्य त्याच्या खाली निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात घातलेलं होतं. उत्तरसूची त्याच्या आधीची होती.

मुख्य नियामकांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हे अक्षर माझं आहे," अध्यक्ष म्हणाले. "प्रश्न मोघम वाटला, म्हणून मी अट घातली. उत्तरसूची दुसऱ्या पाकिटात होती, ती मागवायची राहून गेली. छत्तीस वर्षं हे काम करतोय." ते सचिवांकडे वळले. "मुलांनी प्रश्न वाचला. आपण वाचला नाही. निकाल लांबवा."

"सर, मंत्रालयाला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

मग त्यांनी बाईंना विचारलं, "ज्यांनी एकशे एकोणसत्तर लिहिलंय, त्यांचं काय करू या? तुम्ही वर्गात काय केलं असतं?"

हा प्रश्न बाईंनी बसमध्ये स्वतःला दोन तास विचारला होता. "क्षेत्रफळ बरोबर काढलं, भागाकार बरोबर केला. त्या पायऱ्यांचे तीन गुण. अट वाचली नाही, त्याचे दोन गेले. माझ्या वर्गात मुलं कुरकुरली असती, पण भांडली नसती."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि सदस्यांना लिहून घ्यायला सांगितलं. जिना उतरताना मुख्य नियामक दुसऱ्या मजल्यावर मधेच थांबल्या, कठड्याला धरून हसायला लागल्या. "भिंतीलगत बघता का म्हणे," त्या म्हणाल्या. "सचिवांचं तोंड कसं झालं होतं!" बाईंनाही हसू आलं आणि मग ते आवरेना. येणारेजाणारे कारकून बघत होते आणि पन्नाशीच्या दोन मास्तरणी जिन्यात उभ्या राहून शाळेतल्या पोरींसारख्या खिदळत होत्या.

संध्याकाळपर्यंत परिपत्रक बेचाळीसही केंद्रांवर पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात सगळे गठ्ठे कपाटांतून बाहेर निघाले. नियामकांनी उभं राहून परिपत्रक वाचलं आणि ते का निघालं हे चार वाक्यांत सांगितलं. बाईंना वाटलं, आता सहा दिवसांचं काम वाढवल्याबद्दल सगळं सभागृह आपल्याला शिव्या देणार. दोन-तीन सुस्कारे ऐकू आले, हे खरं. पण मग कोपऱ्यातल्या टेबलावरून एक तरुण शिक्षक म्हणाला, "माझ्याकडे असे नऊ होते. मला वाटत होतं, मुलांनी कुठल्या तरी गाइडमधून चुकीचं पाठ केलंय." दुसऱ्या टेबलावरून कुणी म्हणालं, "माझ्याकडे चार." आकडे येत गेले. ज्याच्या त्याच्या मनात ती फुली सलत होती, आणि जो तो आपल्याला एकट्यालाच शंका आली असं समजून गप्प बसला होता.

"चला," नियामक म्हणाले आणि कोट काढून खुर्चीला लावला. ते स्वतः बाईंच्या शेजारी येऊन बसले. नियामकाने परीक्षकाच्या रांगेत बसायची रीत नव्हती.

बाईंनी आपले जुने गठ्ठे स्वतःच मागून घेतले. पाचही पेपर शोधले. फुली खोडली, शेजारी पाच लिहिले, सही केली. जिथे 'क्षेत्रफळ?' असं लिहिलं होतं, तिथे तो शब्द खोडून बाईंनी लिहिलं, 'चूक माझी होती.' पुस्तिकेत असं लिहायची सोय नव्हती. नियामकांनी ते पाहिलं आणि त्याखाली हिरव्या शाईने सही ठोकली. चित्रवाल्या पेपरची बेरीज आधीच्या तेहतिसात पाच मिळवून अडतीस झाली. बाईंनी ती तीनदा केली. गरज नव्हती. बरं वाटत होतं म्हणून केली.

सहा दिवसांचं काम चार दिवसांत संपलं. कुणीही जेवणाची सुट्टी पूर्ण घेतली नाही.

निकाल ठरल्या तारखेनंतर चौथ्या दिवशी लागला. मंडळाने निवेदनात सगळं लपवाछपवी न करता सांगितलं. चूक कुठे झाली, ती एका परीक्षकाने कशी दाखवली, किती मुलांचे गुण बदलले. एकशे ऐंशी लिहिणारी मुलं निघाली अकरा हजारांवर. त्यांतली सहाशे बारा मुलं त्या पाच गुणांनी पास झाली होती. बाईंचं नाव त्यात नव्हतं, कारण परीक्षकांची नावं जाहीर करत नाहीत.

पण बाबांना ही अडचण नव्हती. ते सकाळी काठी टेकत खाली उतरले, महिन्याभरात पहिल्यांदाच, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या बाकावर जाऊन बसले. येणाऱ्या प्रत्येकाला वर्तमानपत्र दाखवू लागले.

"सहाशे बारा," ते म्हणत. "वाच, इथे लिहिलंय. ही जी परीक्षक म्हणतात ना, ती माझी मुलगी."

दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही सकाळपासून हे चौदा जणांना सांगितलंत."

"मग पंधरावा तू," बाबा म्हणाले. "तुझ्या दुकानाची फरशी कुणी बसवली, सांग बघू." आणि ती आपणच बसवली होती हेही त्यांनी सविस्तर सांगितलं.

बाई शाळेत होत्या. निकालाची यादी लावायला मुख्याध्यापकांनी त्यांनाच सांगितलं, कारण यादी सरळ लावणारं दुसरं कोणी नव्हतं. भोवती मुलांची आणि आयाबापांची गर्दी. तेवढ्यात शिपाई मंडळाचा लखोटा घेऊन आला. बाईंनी तो तिथेच गर्दीत उभ्या उभ्या फोडला. पुढच्या वर्षीपासून, उत्तरसूची केंद्रांवर जाण्याआधी बारा शिक्षक छापील पेपर कोरा घेऊन, उत्तरसूची न बघता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवतील. जिथे दोन्ही जुळणार नाहीत, तिथे काम थांबेल. गणितासाठी पहिलं नाव बाईंचं होतं. खाली अध्यक्षांची सही, निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात.

"बाई, कसलं पत्र?" यादीत आपला आकडा शोधता शोधता एका मुलीने विचारलं.

"मलाही परीक्षेला बसवलंय," बाई म्हणाल्या. "तुझा आकडा सांग, मी शोधते."

मुलीने आकडा सांगितला. बाईंचं बोट यादीवरून खाली आलं आणि थांबलं. पास. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या आईने बाईंचा खांदा इतका घट्ट धरला की चार बोटांचे वळ उठले. पुढची मुलं आकडे ओरडू लागली. बाईंनी लखोटा पर्समध्ये टाकला, चष्मा सारखा केला आणि एकेक आकडा शोधायला घेतला.